हिरामण आबांचे फुटाणे

आजही मिक्सर लावायचा झाला की मी आधी पदर खोचते, केस वर बांधते, बांगड्या कोपराकडे सारते आणि मगच बटणाला हात लावते. माझी सून हसते. "आई, चटणी वाटायचीय की लढाईवर जायचंय?" असं विचारते. तिला मी काही सांगत बसत नाही. ही भीती मुळात माझी नव्हेच. ती हिरामण आबांची. त्यांनी ती माझ्या हवाली केली आणि ती माझ्याकडेच राहून गेली.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ असेल. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी जळगावच्या एमआयडीसीतल्या एका गिअरच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात लागले होते. जिनिंगची यंत्रं, तेलाच्या घाण्या, साखर कारखान्यांचे चरक, या सगळ्यांना लागणारी दातेरी चाकं आमच्याकडे कापली जात. माझं गाव यावल. केळीच्या बागेतून आलेली मुलगी, नवा पंजाबी ड्रेस, कमरेपर्यंत वेणी आणि वर डिप्लोम्याची गुर्मी. पहिल्याच दिवशी मी शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या शेडमध्ये, पाऊल टाकणार तोच दारात एक उंच, वाळका माणूस आडवा आला. पांढरी टोपी, खाकी शर्ट, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. हेच हिरामण आबा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते माझ्या वेणीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझ्या पाठीवर साप चढलाय की काय, असं वाटून मीच मान वळवून पाहिलं.

"पोरी, आठेच थांब," ते अहिराणीत म्हणाले. "ती येनी पयले बांध."

मी म्हटलं, "आबा, मी मशीनला हात लावणार नाहीये. नुसती बघणार आहे."

"तू नही लावशी. मशीन लावी."

हे त्यांनी दरडावून म्हटलं असतं तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नसे. पण त्यांचा आवाज कापत होता. हा एवढा मोठा ट्रेनिंग फोरमन, अर्धा कारखाना याच्या हाताखालून शिकून गेलेला, आणि हा माझ्या वेणीला भितो? त्यांनी एका पत्र्याच्या पेटीतून निळ्या कापडाची टोपी काढून दिली. "मनी मंगलनी शिवेल शे," म्हणाले. मंगल त्यांची एकुलती एक लेक. शॉपमधल्या सगळ्यांच्या टोप्या तीच शिवायची. मी वेणीचा अंबाडा करून टोपीत कोंबला. मग ते म्हणाले, "मशीनले डोया नहीत. हात काय नि केस काय, तिले बठ्ठं सारखंच." आणि बाजूला होऊन त्यांनी मला वाट दिली.

त्या दाराशी, आतल्या भिंतीला, लाकडी खुंट्यांची रांग होती. प्रत्येक खुंटीखाली लाल रंगात एकेकाचं नाव. कामावर येताना गळ्यातला रुमाल, घड्याळ, अंगठी, गंडा, ताईत, जे काय असेल ते आपापल्या खुंटीवर टांगायचं आणि मोकळ्या अंगाने आत जायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मी काय सांगू? मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहिलं की डोक्यात भजी तळून निघतील. आमची माणसं ओला रुमाल मानेवर टाकूनच जगतात. शेतात ती सवय माणसाला वाचवते. फिरत्या चाकांपाशी तीच त्याला ओढून नेते. रुमालाचं एक टोक दातांत गेलं की मान मागोमाग जायला वेळ लागत नाही. आबांना त्या ओल्या रुमालाचं फार भय. दाराबाहेर त्यांनी एक रांजण ठेवला होता. "डोकं वल्लं करा, रुमाल नही," असं म्हणत ते माणसांना तासातासाला बाहेर पिटाळायचे आणि स्वतः त्यांच्या डोक्यावर तांब्याने पाणी घालायचे. साहेब लोक म्हणायचे, आबांची शाळा म्हणजे न्हाणीघरच झालंय.

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तर बघायलाच नको. प्रत्येकाच्या मनगटावर दोन-दोन, तीन-तीन राख्या. आबा दारात स्टूल टाकून बसायचे आणि एकेकाचं मनगट मांडीवर घेऊन बोथट सुईने गाठी सोडवायचे. कात्रीने कापल्या असत्या तर चुटकीसरशी काम झालं असतं. पण ते म्हणायचे, "बहिनीनी गाठ कापतस नही." तेवढ्यात शिफ्टचा भोंगा होऊन जायचा, सुपरवायझर दात-ओठ खायचा, आणि रांग हलायची नाही. त्या दिवशी खुंट्यांकडे पाहिलं की जत्रेतल्या दुकानासारखं वाटायचं. संध्याकाळी जाताना पुन्हा सगळ्यांच्या राख्या बांधून द्यायचे, तेही त्यांनीच. एकदा एक नवरदेव लग्नाच्या चौथ्या दिवशी हाताला हळकुंडाचं कंकण बांधूनच कामावर आला. ते मात्र सोडायचा आपल्याला हक्क नाही म्हणून त्यांनी त्याला कंकण सुटेपर्यंत स्टोअरमध्ये बसवून ठेवलं.

आबांबद्दल कारखान्यात तऱ्हेतऱ्हेच्या कहाण्या होत्या. कुणी म्हणे त्यांच्या थोरल्या भावाचा हात त्यांच्यासमोर गेला. कुणी म्हणे मुंबईच्या गिरणीत त्यांनी असं काही पाहिलं की वर्षभर वाचा गेली होती. मी आपली शहाणी, एकदा जेवणाच्या सुट्टीत सरळ विचारलं. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. मला वाटलं, आता ती कहाणी येणार.

"काहीच नही व्हयनं," ते म्हणाले.

"मग एवढं भिता कशाला?"

"व्हयनं नही म्हनीसन तं भेवस. व्हई गयं तं मंग भेवाले काय राही?"

झालेल्या गोष्टीची भीती माणूस कधीतरी विसरतो. हा माणूस रोज न झालेल्या गोष्टीला भिऊन घरी जात होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भीती घेऊन परत येत होता.

पण आबांची खरी ओळख त्यांच्या परीक्षेत. त्यासाठी गिअर कसा कापतात ते दोन वाक्यांत सांगते, कंटाळू नका. त्या काळात आमच्याकडे जुन्या मिलिंग मशीनवर गिअर एकेक दात करून कापत. चकतीत एक खाच पाडायची, भोकांच्या तबकडीवरचा हँडल फिरवून चकती नेमकी तेवढी सरकवायची, पुढची खाच पाडायची. असं करत पूर्ण गोल फिरून पुन्हा पहिल्या दातापाशी यायचं. कुठे केसभर चूक झाली तरी तेव्हा दिसत नाही. ती पुढे पुढे सरकत राहते आणि शेवटच्या दातात बाहेर पडते. शेवटचा दात जाड येतो, नाहीतर बारीक येतो, आणि सगळी मेहनत आणि सगळं कास्टिंग, म्हणजे ती ओतीव चकती, भंगारात जातं. वही तपासायची वेळ आली की पोराची जी अवस्था होते ती इथे प्रत्येक गिअरला.

शिकाऊ माणूस शेवटच्या दातापाशी आला की आबा मशीन बंद करवायचे. खिशातून कागदाची पुडी काढायचे. तिच्यात फुटाणे. चार फुटाणे त्याच्या तळहातावर ठेवून म्हणायचे, "खाय." बस, हीच परीक्षा. भ्यालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं. फुटाणा चावला जातो, पण त्याचा पीठ-गोळा टाळूला चिकटतो आणि काही केल्या घशाखाली उतरत नाही. ज्याला गिळता आलं नाही, तो पास. ज्याने मजेत खाल्ले, त्याला सांगायचे, "आखो शिक. भ्याव उनं नही." म्हणजे अजून शिक, भीती आलेली नाही. पास झालेल्या माणसासाठी ते स्वतः खुंटी ठोकायचे, खाली लाल रंगाने नाव घालायचे. आमच्याकडे 'नोकरी पक्की झाली' असं कुणी म्हणत नसे. 'आबांनी खुंटी दिली' म्हणत. जुन्या मालकांपासूनची ही रीत. आबांची खुंटी मिळाल्याशिवाय ऑफिस कुणाला कायम करत नव्हतं.

मी खूप वेळा फुटाणे मागितले. मला ते कधी मिळाले नाहीत. "यावलवाली, तू कागदवर दात पाडस," ते म्हणायचे. "तुले फुटाना कसाले?"

मला त्यांचं सगळं पटायचं असं नाही. माणूस भ्यायला नको, सावध असला म्हणजे झालं, असं मी म्हणायची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "ध्यान मानूस इसरी जास. भ्याव इसरत नही." मशीनच्या बाजूला उघड्या फिरणाऱ्या चाकांसाठी मी जाळीच्या झाकणाचं ड्रॉइंग काढून दिलं, तर त्यावरही ते नाराज. झाकलं की भीती जाते, म्हणे. मी ऐकलं नाही. झाकणं बसली. माझ्या मते तिथे आबा चुकलेच होते आणि आजही माझं मत तेच आहे. तेही मागून त्या झाकणांवरून हात फिरवताना मला दिसले होते, पण तेव्हा कबूल करतील तर ते आबा कसले.

मंगलचं लग्न झालं ते शिरपूरकडच्या एका मुलाशी. सुधाकर त्याचं नाव. जिनिंगच्या यंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात तो लहानपणापासून वाढलेला. दिसायला राजबिंडा, सदा हसतमुख, सायकल चालवायचा तीही हात सोडून. लग्नानंतर दोघं जळगावला आले आणि सुधाकर आमच्याकडे आबांच्या हाताखाली लागला. मी त्याचं काम पाहिलं आहे. काय हात होता! लोखंड त्याच्यासमोर लोण्यासारखं व्हायचं. एकदा ड्रॉइंग पाहिलं की पुन्हा बघायला नको. आबा दुरून बघत राहायचे आणि त्यांचा चेहरा दिवसेंदिवस काळवंडत जायचा. एकदा माझ्या खिडकीशी येऊन ते हळूच म्हणाले, "त्याना हात सोनाना शेत. म्हनीसनच माले झोप नही."

त्याच्या परीक्षेच्या दिवशी सगळं शॉप कामाचं निमित्त करून आसपास रेंगाळत होतं. जावयाची परीक्षा सासरा घेतोय, कोण सोडील? सुधाकर शेवटच्या दातापाशी आला. आबांनी मशीन बंद करवलं. चार फुटाणे हातावर ठेवले. त्याने ते तोंडात टाकले, कुडुमकुडुम खाल्ले आणि तळहात पुन्हा पुढे केला.

"आबा, यानासंगे गूळ नही का?"

सगळे हसले. मीही हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी शेवटचा दात कापायला सांगितला. दात असा आला की मोजताना मलाच भरून आलं. आबांनी तो उलटसुलट मोजला, अंगठा फिरवला आणि चाक टेबलावर ठेवलं.

"दात पास शे, बापू. मानूस नही."

काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा. या वेळी सुधाकर मंगलकडून शिकून आला होता. फुटाणे तोंडात टाकताच त्याने डोळे फिरवले, ठसका काढला, छाती धरली, थुंकला. नाटक कंपनीत असता तर प्रेक्षकांनी पैसे परत मागितले असते. आबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहिलं. "घाम कोठे शे, बापू?" एवढंच म्हणाले. सुधाकरला स्वतःलाच हसू फुटलं. त्याच्यात खोट नव्हतीच मुळी, भीतीही नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं की हा सासरा नेमकं मागतोय तरी काय.

त्याच सुमारास नवं हॉबिंग मशीन आलं. त्यावर एकेक दात मोजत बसायचं कामच नव्हतं. कापणारं हत्यार आणि चकती दोन्ही सोबत फिरत राहतात आणि सगळे दात हळूहळू एकाच वेळी उगवतात. शेवटचा दात असा काही उरतच नाही. पुढे काचेचं दार. ते उघडं असलं की एक छोटा स्विच मशीन चालूच होऊ देत नाही. नव्या साहेबांनी सगळ्यांना जमवून ते दाखवलं. आबांनी दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "भ्याव आते मशीनले दि टाकं. आपन मोकया." मला वाटलं, चला, आता तरी या माणसाला झोप लागेल. महिनाभर ते खरंच बरे दिसत होते. मला म्हणाले सुद्धा, "यावलवाली, तुनं झाकन बरं व्हतं." मी दिवसभर तरंगत होते.

मग एका दुपारी ते नव्या मशीनपाशी गेले आणि तिथेच जमिनीवर बसले. मी खिडकीतून पाहिलं आणि धावले. उन्हाने चक्कर आली असं वाटलं मला. त्यांनी बोट दाखवलं. दार सताड उघडं होतं आणि मशीन चालू होतं. सायकलच्या ट्यूबची एक पट्टी त्या छोट्या स्विचला घट्ट बांधली होती, म्हणजे मशीनला वाटावं की दार बंदच आहे. सुधाकर आत हात घालून लोखंडाचा कीस बाजूला सारत होता. त्याचं मनगट आणि ते फिरणारं हत्यार यांच्यात फार तर एक पोळी मावली असती.

"देखा आबा, कितला टाइम वाचस," तो वर मान करून हसत म्हणाला. मशीन तसंच चालू.

आबांनी उठून मशीन बंद केलं. ट्यूबची पट्टी सोडली, ओढून कापली नाही, गाठ सोडवली, तीही राखी सोडवावी तशी. नंतर मला कळलं की ती पट्टी इतरांनीही बांधली होती आणि साहेबांच्या कानावर होतं. माल भराभर निघत होता, त्यामुळे या कानाचं त्या कानाला कळलं नव्हतं.

दिवाळीआधी साहेबांनी आबांना बोलावलं. नव्या मशीनवर माणसं कायम करायची होती. सहा-सहा महिने शिकवणं आता परवडणार नाही, तीन आठवड्यांत माणूस तयार हवा, असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आबा, तुमच्या खुंटीचा मान आम्ही ठेवतो," असंही म्हणाला. "पण सुधाकरसारखा हात जिल्ह्यात नाही. जावई तुमचा. या वेळी त्याला खुंटी नाही दिलीत तर मला त्याची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल." आबांनी दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगल आली. सातवा महिना, वरून ऑक्टोबरचं ऊन, हातात बापाचा डबा. आमच्या ऑफिसात आणि ट्रेनिंगच्या खोलीत एक फळ्यांची भिंत, तीही वर उघडी, त्यामुळे ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

"बठ्ठास्ले खुंटी भेटनी," ती म्हणत होती. "मना घरवालालेच नही. लोके हसतस, आबा. तुमना भ्याववर मना संसार मोडाना शे का?"

"मी तुना संसार मोडत नही, मंगल. त्याना हात वाचाडी ऱ्हायनू."

"हात घरमा बठी ऱ्हायनात तं काय पूजा करू त्यास्नी?"

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि तिच्या तोंडावर मला तीच भीती दिसली जी मी पहिल्या दिवशी तिच्या बापाच्या तोंडावर पाहिली होती. फक्त तिला भीती होती ती उद्याच्या चुलीची. "ताई, तुम्ही तरी सांगा ना त्यास्ले," ती मला म्हणाली.

मी सांगितलं. डबा उघडा होता, भाकरीला हात लागलेला नव्हता. मी म्हटलं, "आबा, पट्टी तर सगळेच बांधतात. त्यांना खुंट्या आहेत. सुधाकर तुमचा जावई नसता, तर तुम्ही एवढं ताणलं असतं?"

मला वाटलं ते रागावतील. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"जावाई नसता तं..." ते म्हणाले आणि थांबले. "माले बी ठावं नही, पोरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. सुधाकर आठवड्याच्या आत धुळ्याला गेला. तिथे अवधानच्या बाजूला एका कारखान्यात त्याला पहिल्याच दिवशी मशीनवर उभं केलं. ना फुटाणे, ना खुंटी. मंगल त्याच्यासोबत गेली. जाताना बापाच्या पाया पडली, पण बोलली नाही. त्यानंतर आमच्या शॉपला नव्या टोप्या आल्या नाहीत. आबा जुन्याच टोप्यांना स्वतः टाके घालायचे, लांबलांब, वेडेवाकडे. एका सकाळी मी पाहिलं तर रांगेच्या शेवटी एक नवी खुंटी ठोकलेली. खाली नाव नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि कुणी तिथे रुमालही टांगला नाही.

आबा रिटायर झाले तेव्हा निरोपाला भाषण वगैरे केलं नाही. एकेकजण पाया पडायला वाकला की ते त्याचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट बघायचे आणि सोडायचे. माझेही पाहिले. माझ्या बोटांना फक्त शाई होती.

त्यानंतर वर्षभराने कास्टिंग बघायला म्हणून मला धुळ्याला पाठवलं. काम आटोपून मी अवधानच्या फाट्यावर बसची वाट बघत होते. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीमागे कडुनिंबाखाली एक उंच, वाळका माणूस उभा दिसला. खाकी शर्ट, बाह्या कोपराच्या वर. मी रस्ता ओलांडून गेले.

"आबा? तुम्ही इथे?"

ते दचकले. "धुयाले काम व्हतं जराखं," म्हणाले. पण त्यांना खोटं बोलता येत नसे. माझ्या नजरेला नजर न देता ते समोरच्या फाटकाकडे बघत राहिले. सुधाकरचा कारखाना. टपरीवाल्यानेच मला नंतर सांगितलं की म्हातारा दर महिन्याला येतो, जळगावच्या बसमधून उतरतो, शिफ्ट सुटेपर्यंत इथे उभा राहतो आणि पारोळ्यावरून जळगावला जाणारी पुढची गाडी धरून परत जातो. कुणाला भेटत नाही.

"मंगलकडे जाऊन आलात?" मी विचारलं.

"नही. तिनी सांगेल शे, तुमनं भ्याव घरमा आनू नका." मग म्हणाले, "नात चालाले लागनी म्हने."

मला फार वाईट वाटलं. म्हणावंसं वाटलं की आबा, त्याला काही झालं नाहीये, इतकी वर्षं काही झालं नाही, होणारही नाही, सोडा आता. पण तेवढ्यात भोंगा झाला आणि त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. एक फुटाणा घेतला आणि तोंडात टाकला. चावला नाही. नुसता गालात धरून ते फाटकाकडे बघत उभे राहिले.

माणसं बाहेर पडू लागली. पायी, सायकलींवर, घोळक्याने. मीही बघू लागले. आणि मग सुधाकर दिसला. तसाच हसतमुख, सायकलवर, सवयीप्रमाणे हात सोडून. दोन्ही हात पँटच्या खिशांत.

आबांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं गार होती. मला आठवतंय, मी मनात म्हणत होते, काढ रे बाबा, हात बाहेर काढ. कुणीतरी मागून हाक मारली. सुधाकरने उजवा हात काढून हलवला. उजवा दिसला. डावा खिशातच. सायकल आमच्या समोरून चालली होती, अजून थोडी पुढे गेली की वळणाआड जाणार होती. तेवढ्यात केळीचा एक ट्रक वळणावरून जोरात हॉर्न वाजवत आला आणि सुधाकरने झटकन दोन्ही हातांनी हँडल धरलं. घट्ट, सगळ्या बोटांनी. ट्रक निघून गेला. तो हसला, हात पुन्हा सोडले आणि दिसेनासा झाला.

माझं मनगट सुटलं. आबांच्या गालाची हालचाल सुरू झाली. कुडुम, कुडुम. मोठ्या सावकाशीने त्यांनी तो फुटाणा खाल्ला, गिळला आणि टोपी काढून कपाळ पुसलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती पुडी माझ्यापुढे धरली.

"ले, यावलवाली."

जळगावची बस आली. ते मागे न बघता चढले आणि खिडकीपाशी बसले. मलाही तीच गाडी धरायची होती, पण मी टपरीपाशीच थांबले. मी फुटाणा तोंडात टाकला, बस सुटेपर्यंत चावत राहिले, आणि तो काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.